कृष्णा पहिल्यांदा बघणाऱ्यांसाठी: क्षेत्र महाबळेश्वर ते खिद्रापूर

गेल्या महिन्यात पुण्याहून एका मित्राच्या मुलीचा फोन आला. "काका, मला कृष्णा नदी बघायची आहे. कुठं जाऊ?" मी विचारलं, किती दिवस आहेत तुझ्याकडं? तर म्हणाली, "रविवार."

रविवारात महाबळेश्वरचं गोमुख बघून होतं. बहुतेक लोक तेवढंच बघतात, ओंजळभर पाणी तोंडाला लावतात, स्ट्रॉबेरी घेतात आणि घरी येऊन कृष्णा बघितली म्हणून सांगतात. मी सांगलीचा. आमच्या दारात येईपर्यंत या नदीनं वेण्णा, कोयना, येरळा पोटात घेतलेल्या असतात आणि गावाला लागूनच वारणा येऊन मिळते. त्यामुळं गोमुखातली ती बोटभर धार म्हणजेच कृष्णा, हे काही माझ्या मनाला पटत नाही. तिला मी चार दिवस काढायला लावले आणि वाट लिहून दिली. तीच वाट इथं जरा सविस्तर देतोय. एक नियम पाळायचा: पाणी जिकडं जातं तिकडं आपण जायचं. उलटं गेलात तर नदी दिवसेंदिवस लहान होत जाते आणि मजा जाते.

निघण्याआधी: नकाशा एकदा डोक्यात बसवा

कृष्णा उगम पावते ती सुमारे १,३३७ मीटर उंचीवर, क्षेत्र महाबळेश्वरला. तिथून अरबी समुद्र सरळ रेषेत ६०-६५ किलोमीटरवर आहे. तरी ही बाई त्याच्याकडं पाठ फिरवते आणि पूर्वेला सुमारे १,४०० किलोमीटर चालत जाऊन आंध्र प्रदेशात हंसलदीवीजवळ बंगालच्या उपसागराला मिळते. वाटेत महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगणा, आंध्र अशी चार राज्यं. आपल्या वाट्याला तिची लांबी जेमतेम ३०० किलोमीटर येते, पण खोरं मोठं आहे. पुण्याची मुळा-मुठा, आळंदीची इंद्रायणी, पंढरपूरची चंद्रभागा हे सगळं पाणी भीमेतून शेवटी रायचूरच्या बाजूला कृष्णेलाच मिळतं. पुणेकरांनी नदीला नावं ठेवताना हे लक्षात असू द्यावं.

दुसरी गोष्ट पावसाची. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि याच नदीच्या खोऱ्यात, सांगली जिल्ह्याच्या पूर्वेला जतकडं, पाचशेच्या आसपास. डोंगरातलं पाणी पठारावरून दुष्काळी मुलखाकडं नेणारी नदी, एवढं ध्यानात ठेवलंत तर वाटेत दिसणारी धरणं, बंधारे, उपसा योजना आणि त्यावरची भांडणं, सगळं आपोआप उलगडत जातं.

कधी जायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पाणी निवळलेलं असतं, घाटांच्या पायऱ्या उघड्या पडलेल्या असतात, ऊसतोड चालू असते आणि सकाळी नदीवर धुकं असतं. वाईचा कृष्णाबाईचा उत्सव गाठायचा असेल तर माघ ते चैत्र या दरम्यानचं तिथल्या आळ्यांचं वेळापत्रक विचारून निघा.

एप्रिल-मे टाळा असं म्हणणार नाही, पण नदीची कळा तेव्हा वाईट असते. पाणी धरणातून सोडतील तेव्हाच वाहतं, मधल्या डोहांवर शेवाळ धरतं, आणि सांडपाणी, साखर कारखान्यांचं मळीमिश्रित पाणी पात्रात उतरलं की मासे मरून काठाला लागतात. तेही बघण्यासारखं आहे, फक्त सहलीचा मूड घेऊन जाऊ नका.

जुलै-ऑगस्टमध्ये जायचंच असेल तर आधी पाण्याची पातळी बघायची. सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा पातळी, ४५ ला धोका पातळी. पावसाळ्यात सांगलीकर एकमेकांना भेटला की तब्येत नंतर विचारतो, आधी "आयर्विन किती?" कोयना धरणातून किती हजार क्युसेक (म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट पाणी) सोडलेत, हे आमच्याकडं शाळेतली पोरंसुद्धा सांगतात. पातळी पस्तिशीच्या वर आणि चढती असेल तर सांगली-नृसिंहवाडीचा बेत सरळ पुढं ढकला.

बरोबर काय घ्यायचं

फार काही नाही. तळाला पकड असलेल्या चपला (घाटांच्या खालच्या पायऱ्या शेवाळानं निसरड्या असतात), टोपी, पाण्याची बाटली, जमलं तर दुर्बीण. आणि सुटे पैसे, कारण नावाडी, नारळवाला आणि खेड्यातला चहावाला यांच्यापैकी एकाचा तरी मोबाईल नेमका तेव्हाच बंद असतो. पोहण्याचे कपडे मी यादीत मुद्दाम घातलेले नाहीत. कारण पुढं येईल.

पहिला दिवस: क्षेत्र महाबळेश्वर, धोम, मेणवली, वाई

महाबळेश्वर गावापासून क्षेत्र महाबळेश्वर सहाएक किलोमीटर. सकाळी लवकर जा. पंचगंगा मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री यांचे उगम मानतात. सरस्वती आणि भागीरथी धरून सात धारा सांगतात, पण त्यातली भागीरथी बारा वर्षांनी आणि सरस्वती साठ वर्षांनी येते अशी श्रद्धा आहे. सगळ्या धारा एका गोमुखातून कुंडात पडतात. सावित्री मात्र डोंगराच्या त्या बाजूनं कोकणात उतरते आणि बाणकोटच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळते. एकाच देवळातून निघालेलं पाणी देशाच्या दोन्ही समुद्रांना जातं.

पंचगंगेतून बाहेर पडलात की गर्दीबरोबर परत फिरू नका. पाच-सात मिनिटांच्या अंतरावर कृष्णाबाईचं जुनं दगडी मंदिर आहे. तिथंही गोमुख आहे, कुंड आहे, भिंतींवर शेवाळ आहे, आणि माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी. देवळाच्या मागून खाली कृष्णेचं खोरं दिसतं. माझ्या मते उगम बघावा तो इथून. वेळ असेल तर केट्स पॉइंटवरही जा. तिथून बलकवडी आणि धोम धरणांचं पाणी दिसतं आणि नदी कुठून कशी निघाली ते नकाशाशिवाय कळतं.

मग पाचगणी, पसरणी घाट आणि खाली वाई. एसटी भरपूर आहेत. पुण्याकडून थेट वाईला येणारे महामार्गावर सुरूर फाट्याला वळतात. वाईपासून धोम आठ-नऊ किलोमीटर. धोम धरण साडेतेरा टीएमसीचं. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट पाणी. हा शब्द पुढचे चार दिवस कानावर पडत राहणार, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो. धरणाच्या पाण्यात कधी बोटी चालू असतात, कधी नसतात. असतील तर आधी जॅकेट मागायचं, भाडं नंतर विचारायचं. धोम गावात नृसिंहाचं आणि शंकराचं देऊळ आहे. तिथला कमळाच्या आकाराचा दगडी हौद आणि त्यातल्या कासवाच्या पाठीवर बसलेला नंदी बघितल्याशिवाय निघू नका.

परतीच्या वाटेवर मेणवली. नाना फडणवीसांचा वाडा, वाड्यामागं नदीत उतरणारा घाट, काठावर मेणवलेश्वराचं मंदिर. तिथं एका छोट्या देवळीत टांगलेली भली मोठी घंटा आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हा पोर्तुगिजांच्या चर्चमधून आलेली ती घंटा. दुपारी चारनंतर त्या घाटावर ऊन तिरकं येतं. तिथं अर्धा तास काही न करता बसा.

संध्याकाळ वाईची. वाईचे घाट आळ्यांनुसार आहेत: गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, भीमकुंड. कृष्णाबाईचा उत्सव या सात आळ्या आळीपाळीनं करतात. अफझलखानाचं संकट टळावं म्हणून बोललेल्या नवसातून तो सुरू झाला, असं वाईकर सांगतात. गणपती घाटावरचा ढोल्या गणपती बघायला सगळेच जातात. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधलेलं हे मंदिर, मूर्ती एकाच दगडातली. तुम्ही दर्शन झाल्यावर देवळाच्या मागच्या बाजूला जा. मागची भिंत सपाट नाही. माशासारखी निमुळती केलेली आहे. पुराचा लोंढा तिच्यावर आदळला की दोन बाजूंना फाटतो आणि देऊळ उभं राहतं. नदीला अडवायचं नाही, वाट करून द्यायची, हे त्या गवंड्यांना अडीचशे वर्षांपूर्वी कळलेलं होतं. आमच्याकडच्या पूररेषेतल्या इमारती बघितल्या की मला ती भिंत आठवते.

मुक्काम वाईतच करा.

दुसरा दिवस: माहुली आणि कऱ्हाड

वाईहून सातारा तासाभराचं. साताऱ्याच्या पूर्वेला, रेल्वे स्टेशनच्या बाजूला माहुली. इथं वेण्णा कृष्णेला मिळते. काल महाबळेश्वरला वेण्णा तळ्यात बोटिंग करणारी मंडळी बघितली असतील, त्याच वेण्णेचं हे पाणी, मध्ये कण्हेर धरणात थांबून आलेलं. नदीच्या एका काठाला संगम माहुली, दुसऱ्याला क्षेत्र माहुली. विश्वेश्वराचं मंदिर, दीपमाळा, राजघराण्यातल्यांच्या समाध्या, आणि त्यात शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याचीही समाधी. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे याच गावचे. तासभर पुरे.

मग सरळ कऱ्हाड, महामार्गानं पन्नासेक किलोमीटर. कऱ्हाडला मात्र घाई करू नका.

इथला प्रीतिसंगम नवख्या माणसानं नीट उभं राहून बघावा. एरवी उपनदी बाजूनं येते आणि मुकाट्यानं मिसळते. इथं कृष्णा एका बाजूनं येते, कोयना समोरून, दोघी जवळजवळ एका रेषेत समोरासमोर भिडतात आणि मग मिळून पूर्वेला वळतात. कोयना निघाली तीही महाबळेश्वरहूनच. पण ती दक्षिणेला गेली, तापोळ्याच्या खाली शिवसागर जलाशयात थांबली, हेळवाकजवळ पूर्वेला वळली, आणि इथं बहिणीला भेटली. आमची आजी म्हणायची, माहेराहून एकत्र निघालेल्या पोरी सासरी भेटतात तसं.

कोयनेबद्दल दोन शब्द जास्त लिहायला हवेत, कारण खालच्या सगळ्या गावांचं सुखदुःख तिच्या हातात आहे. कोयना धरण १०३ मीटर उंच, साठवण १०५.२५ टीएमसी, म्हणजे धोमसारखी सात-आठ धरणं त्यात मावतील. त्यातलं साडेसदुसष्ट टीएमसीपर्यंत पाणी डोंगराच्या पोटातून पश्चिमेला कोकणाकडं सोडून वीज करतात. सगळे टप्पे मिळून क्षमता १,९६० मेगावॉट. वीज करून झालेलं ते पाणी परत कृष्णेत येत नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा मोठा भूकंप झाला. तो अनुभवलेली माणसं अजून या भागात भेटतात. विषय काढलात तर चहा गार होईपर्यंत सांगतात.

संगमाच्या काठावर यशवंतराव चव्हाणांची समाधी आणि बाग आहे. २५ नोव्हेंबरला, त्यांच्या पुण्यतिथीला, तिथं राज्यभरातल्या पुढाऱ्यांची रीघ असते; शांतता हवी असेल तर तो दिवस टाळा. गावात पंताच्या कोटात नकट्या रावळाची विहीर आहे, पायऱ्यापायऱ्यांनी खोल उतरणारी. कऱ्हाडला येऊन ती न बघता गेलेले लोक बरेच. तुम्ही त्यात नको.

पाण्यात उतरण्याबद्दल

कऱ्हाडच्या पुढं नदी बदलते. उतार संपतो, पात्र रुंदावतं, काठ मळीचे (म्हणजे गाळाच्या जमिनीचे) आणि उंच होतात, नदी वळणं घेत चालते. दिसायला अगदी गरीब गाय. म्हणून हे इथंच सांगतो.

मी पोहायला शिकलो ते याच नदीत, पाठीला पत्र्याचा डबा बांधून, चुलत्यांच्या धाकात. आमच्या पिढीत सगळ्यांचं तसंच. तरीही आज मी पाहुण्यांना नदीत उतरू देत नाही. एक तर मगरी. औदुंबर, भिलवडी, अंकलखोप, ब्रह्मनाळ, डिग्रज या पट्ट्यात कृष्णेत मगरी आहेत. ही ऐकीव गोष्ट नव्हे. हिवाळ्यात सकाळी दहाच्या सुमाराला मळीवर ऊन खात पडलेल्या दिसतात. पुलावरून दुर्बिणीनं बघायला झकास. काठावर वाकून सेल्फी घ्यायला वाईट. वनखात्याचा फलक दिसला की तो वाचा, आणि नाही दिसला तरी मगर नाही असं समजू नका.

दुसरं, वाळू उपशाचे खड्डे. पाणी गुडघाभर आहे म्हणून माणूस चालत जातो आणि पुढच्या पावलाला दोन पुरुष खोल. वरून काही कळत नाही.

तिसरं, बंधारे. नदीवर ठिकठिकाणी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत, दगडी खांब आणि मध्ये बरगे, म्हणजे काढता-घालता येणाऱ्या फळ्या, घातलेले. बरग्यांवरून पाणी पडतं तिथं खालच्या बाजूला भोवरा असतो आणि तो पट्टीच्या पोहणाऱ्यालाही सोडत नाही. बंधाऱ्याच्या खाली अंघोळ करायची नाही, मुलांना तर तिथं खेळायलाही सोडायचं नाही.

पाय बुडवायचे असतील तर गावातली माणसं जिथं धुणं धुताहेत, जनावरं पाजताहेत, त्याच पायरीवर. आणि आधी विचारायचं: "मावशी, इथं उतरलं तर चालेल का?" मावशी जे सांगतील ते ऐकायचं.

तिसरा दिवस: औदुंबर, ब्रह्मनाळ, सांगली, हरिपूर

कऱ्हाडहून इस्लामपूर किंवा ताकारी-पलूस अशा दोन वाटा आहेत. दोन्हीकडं ऊसच ऊस. वाटेत टेंभू, ताकारी, पुढं म्हैसाळ ही नावं ऐकू येतील. या उपसा सिंचन योजना. नदीतलं पाणी पंपांनी टप्प्याटप्प्यानं वर चढवून खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ, जत अशा कोरड्या तालुक्यांना देतात. काठावरचा माणूस महापुरानं त्रासलेला आणि तिथून साठ-सत्तर किलोमीटरवरचा माणूस टँकरची वाट बघणारा. दोघंही एकाच जिल्ह्यातले.

रेल्वेनं येणाऱ्यांना पुणे-मिरज मार्गावर किर्लोस्करवाडी आणि भिलवडी ही स्टेशनं सोयीची.

औदुंबरला दत्ताचं ठाणं आहे. नृसिंह सरस्वतींनी इथं एक चातुर्मास केला असं मानतात. झाडीत दडलेला घाट, खाली संथ डोह, पलीकडच्या काठावर भुवनेश्वरीचं देऊळ. नावेनं पलीकडं जाता येतं. नावेत बसताना मधे बसा, उभं राहू नका, आणि गर्दी झालीय असं वाटलं तर खुशाल उतरा, पुढची नाव येते. २०१९ च्या महापुरात इथून जवळच ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी बोट उलटून माणसं गेली. या पट्ट्यात नावेत किती जण बसायचे यावर आता कुणी चेष्टा करत नाही. औदुंबरला दर संक्रांतीला साहित्य संमेलन भरतं. त्या सुमाराला येत असाल तर एक दिवस वाढवा.

ब्रह्मनाळला येरळा मिळते. ही पूर्वेकडच्या खटाव भागातून येणारी, बरीचशी कोरडी नदी. पश्चिमेकडून येणाऱ्या उपनद्या भरून येतात आणि ही वाळू घेऊन येते.

दुपारपर्यंत सांगली. आता गाव माझं, तेव्हा थोडं जास्त ऐकून घ्यावं लागेल.

आधी आयर्विन पूल. १९२९ चा, दगडी कमानींचा. पुलाच्या मध्यावर थांबा आणि खाली बघा. हिवाळ्यात पाणी इतकं खाली असतं की ५७ फूट हा आकडा खोटा वाटतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी त्याच्याही वर गेलं होतं. मग गावभागात फिरा आणि घरांच्या, दुकानांच्या भिंतींवर खुणा शोधा: २००५, २०१९, २०२१. कुणी रंगानं रेघ मारलेली असते, कुणी फरशी बसवलेली. तुमच्या डोक्याच्या वर ती रेघ दिसली की पूर म्हणजे काय ते आकड्याशिवाय कळतं. कारण विचाराल तर प्रत्येक चहाच्या टपरीवर वेगळं मिळेल. कुणी कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्याला दोष देतं, कुणी कोयनेच्या विसर्गाला, कुणी पात्रात झालेल्या भरावांना. मी भांडणात पडत नाही, पण एवढं दिसतं की कोयना, वारणा, पंचगंगा तिन्ही सह्याद्रीचा पाऊस एकाच वेळी घेऊन येतात, इथं जमीन सपाट आहे आणि पाण्याला पुढं पळायला उतार नाही. मग ते आडवं पसरतं, आणि आडवी आम्ही घरं बांधलेली आहेत.

नदीकाठी पटवर्धन संस्थानिकांचं गणपती मंदिर आहे, माई घाट, सरकारी घाट, विष्णू घाट आहेत आणि वसंतदादा पाटलांची समाधी आहे. २४ जुलै १९४३ ला दादा आणि त्यांच्या साथीदारांनी सांगलीचा तुरुंग फोडला तेव्हा पळाले ते नदीच्याच दिशेनं. त्यात अण्णा पत्रावळे आणि बाबूराव जाधव हे दोन तरुण गोळ्यांना बळी पडले. पावसाळ्यात पाणी भरपूर पण आटोक्यात असतं तेव्हा इथं होड्यांच्या शर्यती होतात. तारीख पाण्यावर ठरते, म्हणून आठवडाभर आधी चौकशी करावी लागते. दोन्ही काठ आणि पूल माणसांनी भरलेले असतात, प्रत्येक होडीमागं तिचं गाव ओरडत असतं. सांगलीत एकच गोष्ट बघायला या असं कुणी म्हणालं तर मी ही सांगेन.

पक्षी बघणाऱ्यांनी सकाळी लवकर सांगलीवाडीच्या बाजूनं फिरावं. खंड्या, पाणकावळे, बगळे, नदी सुरय. हिवाळ्यात चित्रबलाकही दिसतात.

खायला भडंग. आणि कुणाच्या घरी जेवायचा योग आला तर कृष्णाकाठच्या वांग्यांचं भरीत किंवा भरली वांगी. मळीच्या जमिनीतलं ते वांगं. आता खऱ्या काठचं वांगं बाजारात ओळखायला जाणतं माणूस लागतं. नाव सगळीच वांगी लावतात.

संध्याकाळी हरिपूर, शहराला लागूनच, चिंचेच्या झाडांच्या रस्त्यानं. संगमेश्वराचं देऊळ आणि समोर वारणेचा संगम. वारणा चांदोलीच्या जंगलातून, ३४.४० टीएमसीच्या धरणातून येते. पावसाळ्याच्या सुरुवातीला दोन नद्यांच्या पाण्याचा रंग वेगळा असतो आणि संगमानंतरही थोडा वेळ दोन पट्टे शेजारी शेजारी वाहताना दिसतात. हरिपूरची अजून एक खासियत म्हणजे हळदीची पेवं. जमिनीत खोल खणलेली कोठारं. वर्षानुवर्षं हळद त्यात किडीशिवाय राहायची, आणि सांगलीची हळदपेठ त्यांच्या जोरावर उभी राहिली. २००५ च्या पुरात पेवांत पाणी शिरलं आणि बरीचशी कायमची निकामी झाली. गावात विचारलं तर एखादं पेव दाखवतात. तोंड एवढंसं, आत अख्खी खोली.

चौथा दिवस: नृसिंहवाडी आणि खिद्रापूर

सांगलीहून वाडी अर्ध्या-पाऊण तासाची. नकाशात नृसिंहवाडी, बोलताना नरसोबाची वाडी. इथं कोल्हापूरकडून आलेली पंचगंगा कृष्णेला मिळते. (महाबळेश्वरचं पंचगंगा मंदिर आणि ही पंचगंगा नदी यांचा गोंधळ करू नका, नवखी माणसं हमखास करतात.) नृसिंह सरस्वती इथं बारा वर्षं राहिले, असं परंपरा सांगते. मंदिर अगदी पाण्यालगत, औदुंबराखाली, आणि आत मूर्तीऐवजी पादुका.

पावसाळ्यात पाणी चढत चढत मंदिरात शिरतं, पादुकांवरून जातं आणि दक्षिणेकडच्या दारानं बाहेर पडतं. हा दक्षिणद्वार सोहळा. ते पाणी अंगावर घ्यायला लोक रात्री-अपरात्री धावत येतात. आणखी चढलं की देऊळच बुडतं, उत्सवमूर्ती वर नारायणस्वामींच्या मंदिरात नेतात आणि पूजा तिथं चालू राहते. पाणी उतरलं की गाळ काढायचा, फरशी धुवायची, पुन्हा खाली यायचं. गावाचं घरोघर असंच चालतं. सोहळ्याला जायचं तर मंदिराची माणसं आणि पोलीस दोर लावून उभे असतात. दोराच्या आत राहायचं, एवढंच.

गुरू कन्या राशीत येतो तेव्हा, म्हणजे बारा वर्षांनी, कृष्णेचं कन्यागत पर्व असतं. मागचं २०१६ ला झालं, पुढचं २०२८ ला. ती गर्दी झेपणार असेल तर आतापासून मुक्कामाची सोय बघा.

वाडीहून निघताना बासुंदी आणि कवठाची बर्फी. कवठाची बर्फी आधी चाखा, मग किलोनं घ्या. ती सगळ्यांनाच आवडते असं नाही.

पुढं कुरुंदवाडावरून खिद्रापूर. रस्ता उसातून, वळणावळणाचा, बैलगाड्या आणि ट्रॅक्टरच्या जोडट्रॉल्यांमागं थांबत थांबत. कोपेश्वराचं हे मंदिर शिलाहारांच्या काळातलं, बाराव्या शतकातलं. बाहेर स्वर्गमंडप: ४८ खांब आणि मधोमध छताला गोल मोकळं आभाळ. खाली बरोबर तेवढ्याच आकाराची गोल शिळा. तिच्यावर उभं राहून वर बघा. त्रिपुरी पौर्णिमेला चंद्र त्या गोलात येतो म्हणून लोक रात्र काढतात. शंकराचं देऊळ असून समोर नंदी नाही. तो पलीकडं कर्नाटकात यडूरला आहे, असं इथले लोक सांगतात, आणि यडूरही कृष्णेच्याच काठी.

जवळच राजापूरचा बंधारा. कृष्णेवरचा महाराष्ट्रातला हा शेवटचा अडथळा. याच्यापुढं पाणी कर्नाटकाचं. कुणाला किती, हे १९७० च्या दशकात बच्छावत लवादानं ठरवलं होतं: महाराष्ट्र ५६०, कर्नाटक ७००, तेव्हाचा आंध्र ८०० टीएमसी. पुढं अलमट्टी, नारायणपूर, भीमेचा संगम, तुंगभद्रेचा संगम, श्रीशैलम, नागार्जुनसागर, विजयवाड्याचा प्रकाशम बंधारा, मग समुद्र. ती वाट वेगळी, तिला आणखी आठवडा लागेल.

मित्राच्या मुलीनं बंधाऱ्यावरून फोन केला तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते. म्हणाली, "काका, इथं नदी नुसती उभी आहे, वाहताना दिसतच नाही." मी म्हटलं, बरगे घातलेत, अडवलेलं पाणी आहे ते, पलीकडच्या बाजूला जाऊन बघ. आणि खिद्रापुरातून कुरुंदवाडची शेवटची एसटी किती वाजता आहे ते कुणाला तरी आधी विचार, नाहीतर रात्री उसाच्या ट्रॅक्टरवर बसून यावं लागेल.